सुटी, पडदा आणि वाटाण्याचें रोप

गेल्या वैशाखांत आमच्या घराच्या सज्जांतील जाईच्या वेलावर बुलबुलाच्या एका जोडप्यानें घरटें केलें. आमच्या आरामखुर्चीपासून तें चार हातांवरहि नव्हतें. उन्हाळ्याची सुटी लागलेली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून परत पाठविलेले, आणि पुढील सत्राच्या व्याख्यानांचीं टिपणें काढण्यास अद्याप अवकाश. तेव्हां यंदा या पिलांचें संगोपन पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत नीट अवलोकन करावयाचें, असा आम्हीं निश्चय केला व तो घरांत बोलूनहि दाखविला. निश्चय बोलून दाखविणें हें आमच्या व्यवसायांतील लोकांचें एक व्यसनच आहे. पुढें काय झालें तें सांगण्यासारखें नाहीं, पण सांगितल्यावांचून या लेखास आरंभ होत नाहीं. एके सायंकाळीं आम्ही त्याच आरामखुर्चींत बसून, हातांतील फोनच्या वीतभर पडद्यावर, आफ्रिकेंतील कोणा एका पक्ष्याची आपल्या पिलांना भरविण्याची तऱ्हा मोठ्या तन्मयतेनें पाहत होतों. त्या पक्ष्यामागून दुसरा पक्षी आला, दुसऱ्यामागून एक पाणघोडा आला, पाणघोड्यामागून एका गृहस्थानें वांग्याचें भरीत करून दाखविलें. आणि तास-दीड तासानें मान वर केली तों सौभाग्यवती दारांत उभी. "अहो, पिलें उडालीं कीं सगळीं! तुमच्या डोक्यावरूनच गेलीं," एवढेंच ती म्हणाली. घरटें रिकामें होतें.

प्रसंग क्षुल्लक आहे हें आम्ही जाणतों. बुलबुल हा कांहीं दुर्मिळ पक्षी नव्हे, आणि पुढील वैशाखांत तो पुन्हां येईल अशी आशा करण्यास हरकत नाहीं. परंतु ज्याचा उभा जन्म 'हें असें कां झालें' हा प्रश्न इतरांना परीक्षेंत घालण्यांत गेला, त्याच्यावर तोच प्रश्न स्वतःला घालण्याची पाळी आली म्हणजे त्याची सहजासहजीं सुटका होत नाहीं. या प्रश्नाचें एक उत्तर तयारच आहे, व तें हल्लीं घरोघर ऐकूं येतें: पडदा वाईट, निसर्ग चांगला, आणि आजची पिढी बिघडलेली. हें उत्तर इतकें सोपें आहे कीं आम्हांस त्याचा संशयच येतो. एक तर आम्ही आजच्या पिढींतले नव्हे. आमचीं पन्नास वर्षें केव्हांच उलटलीं. दुसरें असें कीं, त्या सायंकाळीं पडद्यावर प्रथम आला तोहि पक्षीच होता. आणि तिसरें, ज्यावर आमचा विशेष भर आहे तें असें कीं, आपल्या देशांतील चित्रपटाचा जनक म्हणून ज्यांस आपण ओळखतों त्यांनीं आपली विद्या लोकांस पटविण्यासाठीं जें चित्र प्रथम करून दाखविलें, तें एका रोपाच्या वाढीचें होतें. तेव्हां पडदा व निसर्ग यांचें वैर उपजत आहे असें मानतां येत नाहीं. मग बिघडलें कोठें? हें शोधावयाचें तर आपल्याला फुरसत कशी मिळाली आणि त्या फुरसतींत पडदा कसा शिरला, या दोन्ही गोष्टी मुळापासून पाहिल्या पाहिजेत.

आरंभ शब्दापासूनच करूं. 'सुटी' ही 'सुटणें' या क्रियापदाची लेक. गाय दाव्यांतून सुटते, शाळा घंटेबरोबर सुटते, तसा माणूस कामांतून सुटला म्हणजे त्याला सुटी झाली. ग्रीक लोकांची गंमत निराळी. त्यांच्या भाषेंत 'स्खोली' म्हणजे रिकामा वेळ. आणि त्याच शब्दापासून पुढें इंग्रजांचें 'स्कूल' निघालें. ज्याला पोटामागें धांवावें लागत नाहीं तोच विद्येमागें जाऊं शकतो, असा त्यांचा हिशेब. शाळा व रिकामपण हे शब्द मुळांत सख्खे आहेत असें वर्गांत सांगितलें म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांस तें फार आवडतें, व त्या दिवशीं शेवटच्या बांकावरील मंडळीहि आमचें व्याख्यान लक्षपूर्वक ऐकतात.

आपल्याकडील जुन्या अध्ययनपद्धतींत सुटीच्या दिवसास 'अनध्याय' म्हणत. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या हे त्यांतले ठरलेले दिवस. परंतु तिथींहून मनोरंजक अशीं दुसरीं कारणें मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत दिलीं आहेत. मेघ गडगडले, विजा चमकूं लागल्या, धूळ उडविणारा वारा सुटला, दिशा पेटल्यासारख्या दिसल्या, कोल्हे ओरडूं लागले, कीं पाठ थांबवावा असा दंडक होता. शास्त्रकारांचा हेतु शुभाशुभाचा असेल. पण परिणाम असा होई कीं, शाळेची घंटा आकाशाच्या हातीं राही. ढग गरजला कीं पोथी मिटावयाची. मग पोथी मिटलेला बटु त्या ढगाकडे पाहत नसेल असें कोण म्हणेल? अर्थात् ही सुटी ज्यांस मुळांत पाठाचा अधिकार होता त्यांचीच. बाकीच्यांस अध्ययनहि नव्हतें व अनध्यायहि नव्हता. त्यांची सुटी निराळ्या वाटेनें येई. अमावास्येला औत धरावयाचें नाहीं; पोळ्याला बैलाच्या मानेवर जूं ठेवावयाचें नाहीं; पावसाची झड लागली कीं शेतांत पाऊल घालतां येत नाहीं म्हणून ओसरीवर बसून दोर वळावयाचे. या सुट्या थोड्या होत्या आणि कष्ट पुष्कळ होते, हें खरें. पण ती थोडी सुटी ज्याच्या हातून मिळे तो चंद्र, तो बैल, तो पाऊस समोरच उभा असे. देणाऱ्याकडे न पाहतां देणें घेण्याची सोय त्या काळीं नव्हती.

ही व्यवस्था मोडली ती गिरणीच्या भोंग्यानें. १८५० नंतरच्या दशकांत मुंबईंत कापसाच्या गिरण्या सुरू झाल्या, आणि कोंकणांतून व घाटावरून आलेल्या हजारों माणसांचा दिवस एकाएकीं यंत्राच्या पट्ट्यास बांधला गेला. यंत्राला अमावास्या नाहीं व पोळाहि नाहीं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची हक्काची सुटी नाहीं, अशी स्थिति होती. या स्थितीविरुद्ध ज्यांनीं प्रथम संघटितपणें आवाज उठविला ते नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक, यांचें नांव प्रत्येक मराठी माणसानें दर रविवारीं सकाळीं चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीं उच्चारावें अशा योग्यतेचें आहे. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी कामगारांची सभा भरवून जो अर्ज तयार केला त्यावर साडेपांच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या काय होत्या? रविवारीं सुटी असावी; दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा; काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावें; पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा; आणि कामावर दुखापत झालेल्यास भरपाई मिळावी. आज या मागण्या वाचून हंसावें कीं रडावें हें समजत नाहीं. परंतु त्यांतील 'सूर्यास्तास' या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. कामाला कोठें तरी शेवट असावा आणि तो शेवट मालकाच्या घड्याळानें नव्हे, तर आकाशांतल्या सूर्यानें ठरवावा, असें त्या माणसांचें म्हणणें होतें.

सहा वर्षें ही चळवळ चालली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेंत दोन कामगार स्त्रियांनींहि भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीं झालेल्या कारखान्यांच्या कायद्यानें आठवड्याच्या सुटीस सरकारी मान्यता मिळाली. आणि मग १९२२ सालीं आठवड्याचे साठ तास, १९३४ सालीं चौपन्न व १९४८ सालीं अठ्ठेचाळीस, असा कामाचा तट एकेक चिरा निखळून उतरत गेला. रविवार हा महाराष्ट्रांत पूर्वींपासून खंडोबाचा वार. पण तो विसांव्याचा वार झाला तो अशा रीतीनें. फुरसत आपल्याला आभाळांतून पडलेली नाहीं. कोणी तरी उन्हांत उभें राहून ती मागून घेतलेली आहे.

आतां पडद्याकडे वळूं. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथील एका उपाहारगृहाच्या तळघरांत ल्यूमिएर बंधूंनीं पैसे घेऊन लोकांस हालतीं चित्रें दाखविलीं. त्या दिवशींच्या चित्रांतील सर्वांत प्रसिद्ध चित्राचा विषय कोणता होता? कारखाना सुटल्याचा! लियों शहरांतील ल्यूमिएर यांच्याच कारखान्याचें दार उघडतें, आणि टोप्या घातलेल्या कामकरी स्त्रिया, पुरुष, सायकलस्वार, एखादें कुत्रें, असे सारे घाईनें बाहेर पडतात. एक मिनिटभराचेंहि चित्र नाहीं. पडद्यावर माणसाची जी पहिली ओळख जगास झाली ती काम करणाऱ्या माणसाची नव्हे, लढणाऱ्या माणसाची नव्हे, तर कामांतून सुटलेल्या माणसाची, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पडदा हा सुटीबरोबरच जन्मास आला.

साडेसहा महिन्यांच्या आंतच तो मुंबईस पोंचला. ७ जुलै १८९६ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर यांच्या माणसानें सहा लहान चित्रें दाखविलीं. त्यांत कारखाना सुटल्याचें तें चित्र होतें, स्थानकांत शिरणारी आगगाडी होती, आणि समुद्रस्नानहि होतें. प्रवेशाचा दर एक रुपया, म्हणजे गिरणीकामगाराच्या एका दिवसाच्या मजुरीहून खासच अधिक. तेव्हां फ्रान्सांतील कामगार सुटलेले पाहण्याचें भाग्य परळच्या कामगारांस त्या दिवशीं लाभलें नसावें. आणि हॉटेलाबाहेर थोड्या अंतरावर खरा समुद्र पावसाळी भरतीनें धक्क्यावर आदळत असतां, आंत मंडळी रुपया देऊन कापडावरचा समुद्र पाहत होती. वाचकहो, आमच्या सज्जांतील प्रसंगाची ही पूर्वपीठिका आहे. आमच्या आधीं सव्वाशेंहून अधिक वर्षें मुंबईकरांनीं हेंच केलें होतें, असें समजल्यापासून आमच्या मनाची टोंचणी थोडी कमी झाली आहे.

त्या मंडळींत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नांवाचे एक छायाचित्रकार होते. 'सावेदादा' या नांवानें ते ओळखले जात. तो खेळ पाहून त्यांनीं विलायतेहून यंत्र मागविलें, आणि १८९९ सालीं मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्यें झालेली एक कुस्ती टिपली. १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून मोठा मान मिळवून परतले तेव्हां त्यांच्या स्वागताचेंहि त्यांनीं चित्र घेतलें. गणिताचा प्राध्यापक पडद्यावर झळकावा आणि लोकांनीं तो पैसे देऊन पाहावा, असा सुवर्णकाळ आमच्या धंद्याच्या वांट्यास पुन्हां आलेला नाहीं.

आणि आतां तें वाटाण्याचें रोप. नाशिकजवळील त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला व त्यांचें सारें चित्त त्या कलेनें व्यापलें, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा एक भाग मात्र थोडा कमी सांगितला जातो. त्यानंतर त्यांनीं इतके खेळ पाहिले, प्रयोगांसाठीं इतकीं जागरणें केलीं, कीं त्यांचे डोळे बिघडले व कांहीं काळ दृष्टि गेल्यासारखीच झाली. पडद्याच्या नादानें डोळ्यांस झालेला अपाय हा म्हणजे आजचा रोग नव्हे. भारतीय चित्रपटाच्या जन्माआधींच तो त्याच्या जनकास झाला होता. पुढें दृष्टि सुधारली, १९१२ सालीं ते विलायतेस जाऊन यंत्र घेऊन आले. पण भांडवल कोण देणार? तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यापुढें यंत्र मांडलें, आणि दिवसामागून दिवस थोडें थोडें चित्र घेत महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर तें दाखवितांच महिन्याचें काम क्षणांत झालें: माती हालली, अंकुर बाहेर आला, पानें उलगडलीं, वेल चढला. ज्यांनीं आयुष्यभर वाटाणा खाल्ला होता त्यांनीं तो उगवतांना प्रथमच पाहिला. त्या रोपानें भांडवल मिळवून दिलें, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

या रोपाचा विचार करतांना आम्हांस एक गोष्ट नेहमीं जाणवते. पाहणाऱ्यास तें मिनिटभरांत उगवलेलें दिसलें. पण टिपणाऱ्यानें त्याच्यापुढें महिना काढला होता. पडद्यानें प्रेक्षकाचा वेळ वांचविला तो फाळक्यांनीं आपला वेळ खर्चला म्हणून. चांगल्या चित्राचें रहस्य हेंच आहे. कोणी तरी कोठें तरी धीर धरून पाहत बसलेला असतो, आणि त्याच्या धीराचा अर्क आपल्याला पेलाभर मिळतो. ही देणगी नाकारण्यांत कांहीं शहाणपण नाहीं. जो अंथरुणास खिळला आहे, ज्याच्या खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत आहे, त्याला पडद्यावर हिमालय दिसत असेल तर त्यास निसर्गद्रोही म्हणणारे आम्ही कोण?

मग पुन्हां तोच प्रश्न: बिघडलें कोठें? याचें उत्तर आम्हांस आमच्या बालपणच्या एका आठवणींत सांपडतें. आमच्या तालुक्याच्या गांवीं माघांतल्या जत्रेस तंबूंतला सिनेमा येई. जमिनीवर बसून, मधूनच तुटणारी फीत जोडली जाईपर्यंत आरडाओरडा करीत, आम्हीं किती चित्रपट पाहिले याची गणति नाहीं. त्यांतील एकाचेंहि कथानक आतां धड आठवत नाहीं. आठवतो तो खेळ सुटल्यानंतरचा क्षण. पहिला खेळ सुटे, तंबूची कनात वर होई, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांसमोर एकाएकीं सारें आकाश उघडें पडे, आणि घराच्या वाटेवर वडील बोट दाखवून सांगत, "तो बघ मृग, आणि त्याच्या मागें लागलेला तो व्याध." आम्हांस नक्षत्रांची जी काय ओळख आहे ती सिनेमामुळें झाली, असें आम्हीं म्हटलें तर आमचे ज्योतिषी मित्र हंसतील, पण तें अक्षरशः खरें आहे. सिनेमा नसता तर इतक्या रात्रीं त्या वयाच्या मुलास माळावरून चालत कोणी आणलें असतें? पडदा आम्हांस निसर्गापासून तोडीत नव्हता. उलट त्याच्या दारापर्यंत आणून सोडीत होता. आणि सोडीत होता, हेंच महत्त्वाचें. तो खेळ सुटत असे.

दूरचित्रवाणी आली तेव्हांहि ही मर्यादा पुष्कळशी टिकली होती. दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं तिचा प्रयोग सुरू झाला, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं केंद्र निघालें, आणि सिंहगडावर मनोरा उभा राहून पुण्यांतहि चित्रें दिसूं लागलीं. ज्या गडावर जाऊन चार घटका मोकळी हवा खावी, त्याच गडावरून घरबसल्या बातम्या येऊं लागल्या. परंतु संध्याकाळीं ठराविक वेळीं कार्यक्रम लागत व रात्रीं ठराविक वेळीं ते संपत. संपले म्हणजे पडद्यावर मुंग्यांसारखे ठिपके नाचूं लागत, आणि त्या मुंग्या पाहण्यांत कोणास गोडी नसल्यामुळें घर निजे. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारीं सकाळीं 'रामायण' दाखविलें जाऊं लागलें तेव्हां रस्ते ओस पडत, हें आम्हीं कॉलेजांत शिकत असतांना डोळ्यांनीं पाहिलें आहे. लोखंड्यांच्या रविवारावर पडद्यानें घातलेला तो पहिला मोठा छापा होता असें कोणी म्हणेल. पण तोहि ठरल्या घटकेस येई व ठरल्या घटकेस जाई. भाग संपला कीं पोरें चेंडू घेऊन बाहेर पळत आणि वडील माणसें मंडईस जात. दीड वर्षानें, १९८८ च्या जुलैच्या अखेरीस, ती मालिकाहि संपली.

खरा फरक पडला तो फार लहानशा व म्हणून कोणाच्या लक्षांत न आलेल्या एका शोधानें. संगणकावरील पान पूर्वीं पुस्तकाच्या पानासारखें असे. तळाशीं गेलें कीं तें संपे, आणि पुढचें हवें तर आपण होऊन तसें सांगावें लागे. २००६ सालीं एझा रास्किन नांवाच्या एका अमेरिकन कल्पकानें अशी युक्ति काढली कीं पान तळाशीं पोंचण्यापूर्वींच पुढील मजकूर आपोआप त्यास जोडला जावा. हेतु निर्मळ होता. वाचणाऱ्याचे श्रम वांचावे एवढाच. पण त्यायोगें पानाचा तळच नाहींसा झाला. पुढें हा गृहस्थ स्वतःच्या शोधाबद्दल जाहीरपणें हळहळला, हें त्याच्या सज्जनपणाचें लक्षण होय. परंतु बाण सुटून गेला होता. त्यानंतर पडदा खिशांत आला, १९९५ सालीं श्रीमंतांची चैन असलेला भ्रमणध्वनि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटासह झोंपडीपर्यंत गेला, आणि तळ नसलेलें तें पान आबालवृद्धांच्या तळहातावर येऊन बसलें. पक्ष्यामागून पाणघोडा व पाणघोड्यामागून वांग्याचें भरीत येतें तें या वाटेनें. या खेळाला मध्यंतर नाहीं, कनात नाहीं, सुटण्याची घंटा नाहीं. आमच्या मतें सारें बिघडलें आहे तें येथें. पडदा आला म्हणून नव्हे, तर पडदा सुटेनासा झाला म्हणून. आणि जें सुटत नाहीं त्यांत सुटी कशी असणार? सूर्यास्ताला काम संपावें म्हणून ज्यांनीं सह्या केल्या, त्यांच्या वारसांनीं असें एक काम आपण होऊन पत्करलें आहे कीं ज्याला सूर्यास्तच नाहीं. आणि त्याला पगारहि नाहीं.

याच्या उलट बाजूची एक कथा सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं. ज्या १८९६ सालीं वॉटसन हॉटेलांत चित्रें हालूं लागलीं, त्याच सालच्या १२ नोव्हेंबर रोजीं, त्याच मुंबईंत, सालिम अली यांचा जन्म झाला. जर्मनींत पक्षिशास्त्राचें शिक्षण घेऊन ते परत आले तों त्यांची मुंबईच्या संग्रहालयांतील जागा पैशाच्या टंचाईमुळें रद्द झालेली. नोकरी नाहीं, हातांत रिकामा वेळ भरपूर. १९३० सालीं ते अलिबागजवळ किहीम येथें समुद्रकांठीं राहावयास गेले, आणि तेथें सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीपुढें महिनोन् महिने पाहत बसले. आपण ज्याला स्त्रीलिंगी नांव देऊन ठेवलें आहे त्या सुगरणीचें घर बांधतो नर, ही गोष्ट जाणत्यांस ठाऊक होती; पण अर्धवट बांधलेलें घरटें मादीनें पसंत केल्यावर तो तें पुरें करतो, आणि ती अंड्यांवर बसली कीं हे महाशय शेजारीं दुसरें घरटें विणून दुसरीस आमंत्रण देतात, हा त्यांच्या संसाराचा उलगडा सालिम अलींच्या त्या बेकारीच्या दिवसांत झाला. रिकामपण सक्तीचें होतें. त्याची सुटी त्यांनीं केली. कुंडीपुढें बसलेले फाळके व घरट्यांपुढें बसलेले सालिम अली या दोघांत आम्हांस तरी कांहीं भेद दिसत नाहीं. एकापाशीं यंत्र होतें, दुसऱ्यापाशीं दुर्बीण. धीर मात्र एकच.

आम्हीं हा सारा इतिहास एके दिवशीं घरांत मोठ्या उत्साहानें सांगितला. तो ऐकून घेऊन सौभाग्यवतीनें एकच प्रश्न विचारला: "त्या रविवारीं गिरणीतल्या बायकांना घरच्या चुलीची सुटी होती का हो?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. कायदे, सभा, तारखा यांच्या इतिहासांत जी सुटी मिळाली ती बहुधा उंबरठ्याच्या बाहेरची. आंतल्या कामाला भोंगा नव्हता व सूर्यास्तहि नव्हता. त्यांतून आणखी एक लाजिरवाणी गोष्ट आमच्या ध्यानीं आली. पिलें उडालीं तें तिनें पाहिलें कसें? ती सज्जांत वाळलेले कपडे काढीत होती. अंडीं फुटलीं केव्हां, पिलांना पिसें आलीं केव्हां, नर-मादींपैकीं जास्त वेळा चारा घेऊन कोण येई, हें सारें तिला तोंडपाठ होतें. कपडे घालतां-काढतां, वेलास पाणी देतां देतां तिनें तें पाहिलें होतें. ज्याला दोन महिन्यांची सुटी होती त्याला घरटें दिसलें नाहीं, आणि जिला घटकेचीहि नव्हती तिनें अंड्यांपासून उड्डाणापर्यंत सारा संसार पाहिला. फुरसत ही नुसती तासांनीं मोजण्याची वस्तु नव्हे, एवढें तरी आम्ही यांतून शिकलों.

उपदेश करण्याचा आमचा अधिकार गेल्या वैशाखांतच संपुष्टांत आला असल्यामुळें, आम्हीं स्वतःपुरता केलेला एक नियम सांगून हा लेख संपवितों. खेळ आपण होऊन सुटत नसेल तर तो सोडविण्याची घंटा बाहेरून आणली पाहिजे, आणि ती आणण्यासाठीं आम्हीं जुन्या अनध्यायाकडे गेलों आहों. मेघ गरजला, वारा सुटला, कीं हातांतला पडदा मिटावयाचा. शहरांत कोल्हे ओरडत नाहींत, म्हणून त्यांच्या जागीं आम्हीं बुलबुलाची योजना केली आहे. कपडे वाळत घालण्याचें कामहि हल्लीं आम्हीं मागून घेतलें आहे. त्याला आरंभ आहे, शेवट आहे, आणि दोर नेमका जाईच्या वेलाखालून जातो. घरटें अद्याप रिकामें आहे. पण परवां वळवाच्या पहिल्या सरीबरोबर विजेचा कडकडाट झाला, शास्त्राप्रमाणें आम्हीं फोन खालीं ठेवला, आणि पाहतों तों सबंध आळींतील मंडळी आपापल्या सज्जांत येऊन उभीं. क्षणभर आम्हांस वाटलें, आमचा नियम इतक्या लवकर कसा पसरला? मागाहून कळलें कीं वीज गेली होती.